बिनसुरकुतीचं कव्हर आणि मी

मागच्या सीटवर, डावीकडे, खिडकीला लागून जी बसलेली दिसते ना, ती मी. बाळाची सीट. आज मी बोलणार आहे. एका सीटनं एवढं बोलावं का, हा प्रश्न मला पहिल्याच वाक्याला पडलाय. पण ज्या बाईच्या हाताखाली मी वाढले तिला तर प्रत्येक वाक्याला हाच प्रश्न पडतो, आणि तरी ती बोलते. तिचीच सवय मला लागली, दुसरं काय.

माझं नाव धड कुणाला घेता येत नाही. कुरियरवाला मला मशीन म्हणाला. समोरच्या काकू पाळणा म्हणाल्या. सुंदरम्मांनी, म्हणजे घरातल्या सासूबाईंनी, मला खोक्यातून निघताना पाहिलं, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि विचारलं, “हे खोगीर कशाला आणलंय गं?” तेव्हापासून सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्या घरात मी खोगीरच आहे. मला राग नाही. खोगिरावर बसणारा निदान पडत तरी नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. माणसांत बाळ जन्मलं की थोपटतात, आमच्यात आपटतात. माझ्याच साच्यातल्या एका बहिणीत बाळाच्या वजनाची बाहुली बांधली, तिला रुळावरून सोडलं आणि खाडकन थांबवलं. बाहुली जागची हलली नाही. त्या बहिणीच्या पुण्याईवर आम्हां सगळ्यांच्या पाठीवर शिक्का बसला. म्हणून मी जरा ताठ बसते.

माझ्या पाठीखालून दोन लोखंडी हात निघतात. गाडीच्या मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथं मिळतात, त्या फटीत आत दोन हूक असतात. माझ्या हातांनी ते हूक धरले की टक् असा आवाज होतो आणि हातावरची इवलीशी लाल खिडकी हिरवी होते. दोन टक्, दोन हिरव्या खिडक्या. एवढंच माझं शास्त्र. बाकी शहाणपण मला नाही.

प्रियदर्शनीनं मला मागवलं तेव्हा तिची लेक आठ महिन्यांची होती. नाव महेश्वरी, पण घरात सगळे तिला मऊ म्हणतात. आणि घरात गाडीच नव्हती! एक स्कूटर होती, आणि सासऱ्यांचा रेक्झिनचे तागे आणायचा टेम्पो. गाडी घ्यायची होती, पण कुठली ते ठरत नव्हतं.

“गाडीच्या आधी गाडीतली सीट?” तिचा नवरा अनिलकुमार म्हणाला. “उद्या टोपी आणशील आणि मग डोकं शोधत फिरशील.”

“टोपी बसेल तेच डोकं घ्यायचं,” ती म्हणाली. बाणेदार उत्तर होतं. नंतरचा आठवडाभर मात्र ती खोक्यावरची परत पाठवायची तारीख वाचत बसली.

अशी ती आहे. बी.एस्सी. झालेली, मऊ व्हायच्या आधी दोन वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली. गॅसचं बटण बंद केल्यावर जिन्यातून परत येऊन बघणारी. माझा पट्टा लावला की एकदा ओढून बघणार, मग दुसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदा मऊच्या तोंडाकडे बघत, की पोरीला तरी पटलंय का. मऊ जांभई द्यायची.

तर टोपीसाठी डोकं शोधायला आम्ही निघालो. मऊ अनिलकुमारच्या कडेवर आणि बारा किलोची मी प्रियदर्शनीच्या. शोरूमच्या काचेच्या दारातून आम्ही शिरलो की आतली सगळी मंडळी बोलायची थांबायची.

शोरूममध्ये माणसं कशी वागतात ते मी जवळून पाहिलंय. पुरुष आधी बॉनेट उघडायला लावतात. मग हात मागे बांधून, विहिरीत वाकून बघावं तसं आत बघतात, “हं” म्हणतात आणि बंद करायला सांगतात. मग टायरला बुटाचं टोक लावतात. मग दार दोनदा आपटून कलिंगड वाजवल्यासारखा आवाज ऐकतात. आणि मग तो प्रश्न येतो, “किती देती?” लिटरला किती किलोमीटर, असं पूर्ण कुणी विचारत नाही. नुसतं “किती देती?”, जणू म्हैसच आहे. हे चालू असताना घरातल्या बायका कोपऱ्यातल्या सोफ्यावर पाण्याचे ग्लास धरून बसलेल्या असतात. घरात पाच माणसं, त्यातली तीन जन्मभर मागं बसणार, आणि मागं बसून बघणारं एकही नाही.

प्रियदर्शनी थेट मागचं दार उघडायची आणि मला आत ठेवायची.

पहिल्या शोरूममधला विक्रेता हसून म्हणाला, “मॅडम, पोरगी मांडीवर बसती की!” तिचे कान लाल झाले. “हो, तेही आहेच,” ती म्हणाली आणि मला उचलून बाहेर आली. पार्किंगमध्ये तिनं मला जमिनीवर ठेवलं, फोन समोर धरला आणि जे आत बोलायचं राहिलं होतं ते सगळं फोनला सांगितलं. चार मिनिटं. त्या गाडीत सीट बसवली की पुढची सीट किती सरकवावी लागते, मागचं दार किती उघडतं, बाळाला आत ठेवताना आईच्या डोक्याला वर काय लागतं. शेवटी म्हणाली, “मी काही एक्स्पर्ट नाही. मला दुसरा गिअर टाकताना अजून मनात ‘दोन’ म्हणावं लागतं. पण हे मला दिसलं.”

तिनं व्हिडिओला नाव दिलं ‘मागच्या सीटवरून’ आणि चार नातेवाइकांना पाठवला. आठवड्यात तो कुठल्या कुठे गेला.

मग दर रविवारी एक गाडी. आमची परीक्षा ठरून गेली. आधी मी बसणार, टक् टक्. मग सुंदरम्मा. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून त्या मागच्या दारातून आत किती वेळात शिरतात ते अनिलकुमार घड्याळ लावून मोजायचा. “अय्यो, ही गाडी हाय का माळा?” त्यांनी असं म्हटलं की गाडीचे गुण गेले. मग डिकीत मऊची ढकलगाडी, पाण्याचा जार आणि अक्कलकोटला देवदर्शनाला नेतात ती डब्यांची पिशवी. मग मे महिन्यातल्या दुपारी गाडी तासभर उन्हात उभी करून एसी लावायचा, आणि माझ्या बैठकीवर हात ठेवून बघायचं की मागं गार व्हायला किती वेळ लागतो. सोलापूरच्या उन्हात ही परीक्षा भल्याभल्या गाड्यांना झेपली नाही.

आजकाल सगळ्यांना क्रॉसओव्हर हवी असते. क्रॉसओव्हर म्हणजे काय, ते प्रियदर्शनीनं एकदा सांगितलं होतं, “साधी घरातली गाडी, उंच टाचेची चप्पल घालून आलेली. स्पीडब्रेकरला पोट घासत नाही, पण सासूबाईंना चढायला पाट लागतो.” हे वाक्य बायकांनी एकमेकींना पाठवून पाठवून झिजवलं.

बार्शीहून विचारणा यायची, माढ्याहून यायची. ताई, आमच्या आईचा खुबा बदललाय, कुठली बरी? ताई, तीन मुलं मागं मावतात का? आणि दुसऱ्या तऱ्हेचेही शेरे यायचे. बाईला गाडीतलं काय कळतंय. मला कबूल करायला हवं, ती पहिले एकदा वाचायची आणि दुसरे चार वेळा.

सोळा गाड्या झाल्या. सोळाही गाड्या कारखान्यातून आल्या तशा उघड्या अंगाच्या होत्या. मी हात घालायचे, हूक सापडायचे. मला वाटायला लागलं होतं की आपल्याला सगळं कळतं.

दसऱ्याला महिना होता. गावात दोनच गाड्यांची चर्चा होती, एक झेनिका आणि एक मारवा. दोन्ही क्रॉसओव्हर, दोन्ही जवळपास एकाच किमतीच्या. निम्मं सोलापूर हिच्या बाजूनं, निम्मं तिच्या. प्रियदर्शनीनं जाहीर केलं की दोघींची तुलना करणार.

झेनिका ठाकठीक निघाली. मग मारवा. श्रीमंत नावाचे तिथले मॅनेजर स्वतः किल्ली घेऊन आले. डेमो गाडी त्यांनी नवरीसारखी नटवली होती. आत चॉकलेटी कव्हर, त्यावर शंकरपाळ्याची शिवण, आणि सुरकुती म्हणून औषधाला नाही. मी टेकले तेव्हा माझ्या मनात आलं, वा, काय बैठक आहे!

मी हात पुढे केले. काही लागलं नाही. प्रियदर्शनीनं मला जरा डावीकडे सरकवलं. काही नाही. तिनं माझ्या मागून हात घालून बोटं फिरवली. इकडून तिकडे नुसतं गुबगुबीत.

“श्रीमंत सर, ह्यात हूक नाहीत का?”

“हूकबिक काय न्हाय मॅडम ह्यात. बेल्ट हाय की! बेल्टनं आवळून टाका.”

तिनं तिसऱ्यांदा बघितलं. माझ्या खिडक्या लालच. गाडीचं माहितीपुस्तक समोरच्या कप्प्यात, न फोडलेल्या पिशवीत होतं. ते कुणी उघडलं नाही. तिनंही नाही.

त्या रविवारी ती म्हणाली, “मारवाला बाळाच्या सीटचे हूक नाहीत. घरात लहान मूल असेल तर झेनिकाच घ्या.” साठ हजार लोकांनी ते ऐकलं.

गुरुवारी श्रीमंतांचा फोन आला. “मॅडम, कंपनीकडनं विचारणा झालीय. पुस्तकात हूक हाईत म्हणं. पान एकशे चौदा. फोटोसकट.”

“पण सर, तुम्हीच म्हणालात नाहीत म्हणून!”

“मी कुटं काय म्हणालो? मी बेल्ट म्हणालो.” मग त्यांचा आवाज नरम झाला. “हे बघा, वाढवायचं कशाला? तुमी गुपचूप व्हिडिओ काढून टाका. आमी गप, तुमी गप. नवीन गाडी आली की पहिली तुमच्या दारात. काय म्हणता?”

तिनं फोन ठेवला आणि मघापासून येऊन पडलेला एक निरोप ऐकला. तो मोडनिंबच्या केराबाईंचा होता. केराबाई अंगणवाडीत काम करतात, त्यांना चार महिन्यांची नात आहे. प्रत्येक व्हिडिओखाली त्यांचा नमस्कार असायचा.

“ताई, तुमी म्हणला हूक न्हाईत. मी पोराला म्हणलं, मोड मारवाचं बुकिंग. त्यानं मोडलं. आता श्योरूमवाला त्याला म्हणतोय हूक हाईत, तुमची ताई खोटी. पोरगं माझ्यावर हसतंय. मला हसू दे ओ, पर मला सांगा, मी इस्वास कुटं ठिवू?”

प्रियदर्शनी माझ्याशेजारी फरशीवरच बसली. मऊ माझ्यात झोपली होती. “तू तरी सांगायचंस,” ती मला म्हणाली. मी काय सांगणार? हूक नाहीत हे माझ्याच हातांनी तिला सांगितलं होतं. चुकलेल्या आम्ही दोघीही होतो, फक्त फोन तिला येत होते.

‘मागच्या सीटवरून’ बंद करायचं, हे तिनं त्या बैठकीत जवळजवळ ठरवलं. लोकांच्या घरातली लेकरं, लोकांच्या आयांचे गुडघे, आणि त्यावर बोलणारी कोण, तर जिन्यातून परत येऊन गॅस बघणारी! पण उठता उठता म्हणाली, “आधी ते हूक मला बघू देत.” शिक्षिकाच ती. उत्तर चुकलं की का चुकलं हे पाहिल्याशिवाय वही मिटायची नाही.

शुक्रवारी दुपारी तिचे सासरे चन्नप्पा मारवाच्या शोरूमकडेच निघाले होते. हो, त्यांचा धंदा सांगायचा राहिला. चन्नप्पा गाड्यांची सीट कव्हरं शिवतात. आपल्याकडे नवी गाडी आली की आधी कव्हर. हार नंतर, लिंबू नंतर, पेढे नंतर. कंपनीच्या कापडाला धूळ लागायच्या आत कव्हर चढलं पाहिजे, नाहीतर शेजारी विचारतात, “अजून उघडीच?” आणि भवानी पेठेतल्या चन्नप्पांचं कव्हर म्हणजे कातडीसारखं बसणारं. त्यांचा एकच हट्ट. सुरकुती दिसली की उसवून पुन्हा शिवायचं.

टेम्पोत नव्या कव्हरांच्या गठ्ठ्यावर मी आणि पुढे प्रियदर्शनी, असे आम्ही मारवापाशी पोचलो. तिनं मागचं दार उघडलं. उन्हाची तिरीप कव्हराच्या कडेवर पडली, तिथं बोटाएवढं लेबल शिवलेलं होतं. मागच्या वेळी आमचं लक्ष फटीत होतं, लेबल कुणी पाहिलंच नव्हतं.

चन्नप्पा सीट कव्हर्स, भवानी पेठ.

“मामा,” ती सासऱ्यांना हळूच म्हणाली, “हे तुमचं कव्हर आहे.”

“व्हय, माझंच. बघ की कसं बसलंय!” त्यांनी अभिमानानं तळवा फिरवला.

“ह्या फटीत खाली काही होतं का? दोन हूक?”

“हूक?” त्यांनी आठवून पाहिलं. “दोन भोकं असत्यात. आत कायतरी सळईसारखं. आता नव्या गाडीला सीटमधी भोकं बरी दिसत्यात व्हय? कव्हर तिथं खाली दबतंय, सुरकुती पडती. म्हणून मी फोम भरून बुजवतो आधी.”

“ह्याच गाडीची?”

“सगळ्याच गाड्यांची. नऊ वर्षं झाली की.”

हे बोलून झाल्यावर त्यांचा तळवा कव्हरावर होता तिथंच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या दोन हातांकडे पाहिलं. हुशार माणूस आहे. सांगावं लागलं नाही.

“मामा, मी तुमचं नाव घेणार नाही,” प्रियदर्शनी घाईनं म्हणाली. “माझं चुकलं, हूक आहेत, एवढंच सांगते. झालं.”

परतीच्या वाटेवर सिग्नलला टेम्पो थांबला. शेजारी एक पांढरी गाडी होती. चन्नप्पांनी वाकून तिच्या आत पाहिलं. “ह्ये माझं,” ते पुटपुटले. पुढच्या लाल गाडीत पाहिलं. “ह्ये बी माझंच.” त्या लाल गाडीत एक छोटी मुलगी पुढच्या दोन सीटांच्या मधे उभी राहून नाचत होती. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजायला लागले, तरी चन्नप्पांचा पाय ब्रेकवरून उठेना.

रविवारी सकाळी दहाला शोरूमच्या अंगणात प्रियदर्शनी थेट प्रक्षेपण करणार होती. ती कौतुक करायलाच येतेय, अशा समजुतीनं श्रीमंतांनी मंडप घातला होता, मारवाला झेंडूची माळ लावली होती. झेनिकाही शेजारी उभी होती, एका बघ्याची स्वतःची. पन्नासेक माणसं जमली. केराबाई एसटीनं आल्या होत्या, कडेवर नात, मागं तोंड वाकडं केलेला मुलगा. सुंदरम्मा गुडघ्याच्या परीक्षेसाठी मारवात मागे बसून होत्या, आणि शेजारी, नेहमीच्या जागी, मी.

अनिलकुमारनं फोन धरला. प्रियदर्शनीनं हातातला लिहून आणलेला कागद घडी करून ठेवून दिला.

“माझं चुकलं,” ती म्हणाली. “मारवाला हूक आहेत. मी नाहीत म्हणाले. पुस्तक वाचलं नाही, बोटांवर विश्वास ठेवला. ज्यांनी माझ्या शब्दावर काही ठरवलं असेल, त्यांची मी माफी मागते.”

मागून कुणीतरी हसलं. “आधीच सांगत होतो, बायकांना काय कळतंय!” श्रीमंतांनी समाधानानं मान हलवली. केराबाईंच्या मुलानं आईकडे पाहिलं. केराबाई प्रियदर्शनीकडेच बघत होत्या.

तिनं इथंच थांबायचं ठरवलं होतं. सासऱ्यांना तिनं तसा शब्द दिला होता. पण इथं थांबलं तर हूक कुठं गेले होते हे कुणालाच कळणार नव्हतं, आणि उद्याही सगळी लेकरं त्या लाल गाडीतल्या पोरीसारखी मधेच उभी राहणार होती. हे तिच्या तोंडावर मला स्वच्छ दिसत होतं. ओठ उघडत होते आणि मिटत होते.

“थांब, पोरी.”

चन्नप्पा गर्दीतून पुढे आले. धोतराचा सोगा खोचलेला, हातात दुकानातली मोठी कात्री. ते फोनसमोर येऊन उभे राहिले, लग्नाच्या फोटोला उभे राहतात तसे ताठ.

“हिचं चुकलं न्हाय. कव्हर माझं हाय. मी चन्नप्पा, भवानी पेठ. हूक मीच बुजवले. ह्या गाडीचे, आणि तुमच्यातल्या लई जणांच्या गाड्यांचे. भोकं बरी दिसत न्हाईत म्हणून.”

“ओ चन्नप्पा, डेमो गाडी हाय ती!” श्रीमंत ओरडले. “नवं कव्हर हाय!”

“माझंच हाय की. माझ्या हातानं शिवलंय, माझ्या हातानं कापतो.”

“कापा की मग लवकर!” आतून सुंदरम्मा म्हणाल्या. “माझा गुडघा अवघडलाय!”

गर्दीत हशा पिकला. चन्नप्पांनी मला उचलून बाजूला ठेवलं, गुडघा टेकला आणि ज्या जागी नऊ वर्षांत एक सुरकुती पडू दिली नव्हती तिथं कात्री घातली. कर्र. आतून पांढरा फोम फुगून वर आला. त्यांनी तो बोटांनी उपसला. पुन्हा कर्र. आणि तळाशी ते दिसले. दोन हूक, कोरे करकरीत, कुणी कधी हात न लावलेले.

प्रियदर्शनीनं मला आत ठेवलं. मी हात पुढे केले.

टक्.

टक्.

दोन्ही खिडक्या हिरव्यागार! तिनं मला दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं. गाडी हलली, मी नाही. अनिलकुमारनं फोन इतका जवळ आणला की माझी हिरवी खिडकी हजारो लोकांच्या पडद्यावर भरून राहिली असणार. आयुष्यात एवढं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. तरी वाटलंच की हे जरा जास्तच होतंय.

मग मघाशी हसलेला तोच माणूस म्हणाला, “माझ्यात बी चन्नप्पाचंच कव्हर हाय की ओ!” आणि तो पार्किंगकडे पळाला. त्याच्यामागे दुसरा, मग सगळेच. बघता बघता रांगेतल्या गाड्यांची मागची दारं उघडली. एरवी बॉनेटमध्ये वाकणारे पुरुष मागच्या सीटवर गुडघे टेकून, चपला बाहेर हवेत, फटीत बोटं घालून चाचपत होते.

“सापडलं! अगं, सापडलं!”

“कात्री आणा ओ हिकडं!”

“तीन वर्षं झाली गाडी घेऊन, आन् आज कळतंय!”

चन्नप्पा कात्री घेऊन एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जात होते. त्यांच्यामागून मला उचलून प्रियदर्शनी. टक् टक्, टक् टक्. त्या सकाळी मी चौदा गाड्यांत बसले. शेवटी ती घामानं भिजली होती, केस सुटले होते, आणि हसत होती.

तुलना अजून व्हायची होती, ती तिनं पूर्ण केली. मारवात सुंदरम्मा नऊ सेकंदांत चढल्या, झेनिकात सतरा. मारवाचा एसी मागं लवकर गार करतो. “पण,” ती म्हणाली, आणि श्रीमंतांचं हसू अर्ध्यावर थांबलं, “मारवाच्या डिकीत ढकलगाडी चाक काढल्याशिवाय जात नाही. आणि मागची काच एवढी बारीक आहे की मागं घेताना काही दिसत नाही. कॅमेऱ्याशिवायचं स्वस्त मॉडेल घेऊ नका. कुणी कितीही सूट देऊ दे.”

“अओ मॅडम!” श्रीमंत कळवळले.

केराबाई पुढे आल्या. नात त्यांनी माझ्यात ठेवली, अशी सहज, जशी ती माझीच आहे. “आता नीट सांगा. परत मोडायला लावू नका. कुठली घिऊ?”

“मारवा. कॅमेऱ्याची. आणि कव्हर चन्नप्पांचंच, पण भोकं ठेवून.”

“ऐकलंस?” केराबाई मुलाला म्हणाल्या. “चुकलं तर चारचौघांत चुकलं म्हणती. तुमच्या एका तरी श्योरूमवाल्यानं म्हणलं का कदी? हिच्याच शब्दावर घ्यायची.” मुलाचं तोंड सरळ झालं. श्रीमंतांनी, शेवटी धंद्याचा माणूस, लगेच फॉर्म काढला.

ह्याला आता दोन वर्षं झाली. दुकान बुडेल म्हणून प्रियदर्शनी घाबरली होती. झालं उलटंच. चन्नप्पांनी हुकांच्या जागी चेन लावलेलं कव्हर काढलं, चेन उघडली की हूक समोर. लातूरहून, विजापूरहून लोक ते मागवतात. चेनीपाशी बारीकशी सुरकुती पडते. आधी ते ती अंगठ्यानं दाबून बघायचे. आता सोडून देतात. जुनी कव्हरं मात्र ते दर रविवारी स्वतः कापून देतात, फुकट. माझं पाप मीच फेडणार, म्हणतात. आमच्या घरीही गाडी आली. मारवाच. सुंदरम्मा अजूनही चढताना सेकंद मोजून घेतात.

मऊ आता मोठ्या सीटमध्ये बसते. माझ्यात तिचे पाय मावत नाहीत. माझ्या कडांचं कापड विरलंय, एका पट्ट्यावर बिस्किटाचा जुना डाग आहे. वाटलं होतं की आता माळ्यावर जाणार. पण रविवारी सकाळी प्रियदर्शनी मला उचलते आणि गल्लीत येणाऱ्या एकेका गाडीत बसवून बघते. मला काहीही विचारा, पण किती गाड्या झाल्या ते विचारू नका. त्या मंडपातल्या रविवारनंतर मी मोजणं सोडलं. मोजलं की आपल्याला सगळं कळतं असं वाटायला लागतं.

तुमच्याकडे गाडी असेल तर एवढं करा. मागच्या सीटच्या फटीत बोटं घाला. गुबगुबीत लागलं तर फसू नका, पुस्तक उघडा, कात्री आणा. कव्हर पुन्हा शिवता येतं. आणि घरातलं कुणी मागं बसणारं असेल, तर गाडी घेण्याआधी एकदा त्याला विचारा, की बाबा, तुला मागं कसं वाटतंय?

बरं, निघते मी. खाली हॉर्न वाजतोय. अक्कलकोटची गाडी आलीय, मागच्या सीटवर जुळी आहेत, आणि चन्नप्पा जिन्यातून हाक मारतायत, “पोरी, खोगीर आण खाली, लोक खोळंबलेत!”